पुतळा एक, अनावरणे दोन

येळ्ळूरजवळच्या राजहंसगडावर छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला, याचा आनंद सीमाभागातल्या कोणत्या मराठी घराला झाला नसेल? परंतु त्या पुतळ्याचे अनावरण एकदा नव्हे तर दोनदा झाले, हे आपण इतक्या लवकर विसरून जावे याचे मात्र आश्चर्य वाटते. २ मार्च २०२३ रोजी कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री श्री. बसवराज बोम्मई यांनी अनावरण केले. तीन दिवसांनी, ५ मार्चला, काँग्रेसच्या स्थानिक आमदार श्रीमती लक्ष्मी हेब्बाळकर यांनी त्याच पुतळ्याचा सोहळा पुन्हा घडवून आणला आणि त्यासाठी महाराष्ट्रातून पाहुणे नेते आणले. पैसा सरकारचा की खटपट आमदारांची, यावर दोन्ही पक्षांत तोंडपाटीलकी झाली. हे दोन्ही सोहळे राजकीय होते असे म्हणून आपल्या महाराष्ट्र एकीकरण समितीने त्याच महिन्यात गड चढून महाराजांना दुग्धाभिषेक घातला. आणि १० मे रोजी विधानसभेचे मतदान होते.

आता जरा शांतपणे विचार करावा. ज्या पक्षाच्या सरकारने बेळगावच्या कचेरीत मराठी कागद देण्याची टाळाटाळ केली, त्याच पक्षाचा मुख्यमंत्री गडावर येऊन महाराजांचा जयजयकार करतो. ज्या पक्षाच्या राजवटीत येळ्ळूरचा ‘महाराष्ट्र राज्य’ हा फलक २०१४ च्या जुलैमध्ये उखडला गेला आणि गावकऱ्यांवर लाठ्या पडल्या, त्या पक्षाचे लोक त्याच येळ्ळूरच्या माथ्यावर भगवे फेटे बांधून उभे राहतात. आणि आपण? आपण दोन्ही वेळा टाळ्या वाजवतो. महाराजांच्या नावाला वाजवलेली टाळी कोणाच्या पदरात पडते, हे बघायचे आपल्याला सुचत नाही. फलकाच्या बाबतीत न्यायालयाचा आदेश होता, असे सरकारपक्ष सांगेल. होता. पण लाठ्या चालवाव्यात असे त्या आदेशात म्हटले नव्हते.

मते मागायला येणारा माणूस आपल्याला सहसा नवे काही पटवून देत नाही. जे आपल्याला आधीच पटलेले असते, तेच तो उचलतो, घासूनपुसून चकचकीत करतो आणि आपल्याच पुढ्यात ठेवतो. आपल्याला वाटते, काय मनातले बोलला! मनातले बोलला म्हणजे मनासारखे करील, ही पुढची उडी आपणच मारतो. त्याने ती मारायला सांगितलेली नसते, आणि म्हणूनच पुढे त्याला जाबही विचारता येत नाही.

माणसाच्या स्वभावात हे इतके खोल आहे, की त्यासाठी शेकडो वर्षांचे वैर लागत नाही. १९७० च्या सुमारास इंग्लंडमधील ब्रिस्टॉल येथे हेन्री ताजफेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला. मुलांना दोन चित्रकारांची चित्रे दाखवली, कोणते आवडले ते विचारले, आणि तुम्ही अमुक गटातले, तुम्ही तमुक गटातले, असे सांगितले. खरे तर वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी केली होती. गटांत भांडण नाही, ओळखदेख नाही. तरीही पैसे वाटायची वेळ आली तेव्हा मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. इथवर नवल नाही. नवल पुढे आहे. आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण त्या गटाला आपल्याहून बरेच कमी मिळावे, असाही कौल बऱ्याच मुलांनी दिला. ब्रिस्टॉलच्या पोरांची ही गत, तर जिथे भाषेपायी हुतात्मे झाले, तुरुंगवास झाला, घरादारावर नांगर फिरला, तिथे ‘ते’ आणि ‘आपण’ एवढे दोन शब्द उच्चारून पुढाऱ्याला काय काय करता येईल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

हे केवळ कर्नाटकातले पुढारी करतात असे म्हणण्याचा मोह आम्हाला आवरला पाहिजे. २०२२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरातला तमाशा आठवा. श्री. बोम्मई यांनी जत तालुक्यातल्या चाळीस गावांवर हक्क सांगितला, मग अक्कलकोट आणि सोलापूरचे नाव घेतले. एकही गाव जाऊ देणार नाही, असे मुंबईहून उत्तर आले. महाराष्ट्राच्या दोन मंत्र्यांचा बेळगाव दौरा जाहीर झाला, पुढे ढकलला गेला, होणार की नाही याचीच चर्चा झाली. ६ डिसेंबरला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले. उत्तरादाखल पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. १४ डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्री श्री. अमित शहा यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बसवून दोन्हीकडच्या तीन-तीन मंत्र्यांची समिती ठरवली. लगेच बेंगळूरच्या सरकारने विधिमंडळात ठराव केला, आठवड्याभरात नागपूर अधिवेशनात ८६५ गावांसाठी एकमुखी ठराव झाला. तेव्हा बेंगळूर, मुंबई आणि दिल्ली या तिन्ही ठिकाणी एकाच पक्षाची सत्ता किंवा सत्तेतला वाटा होता, ही गोष्ट त्या गदारोळात किती जणांच्या ध्यानात आली? भांडण खरे असते तर एका बैठकीत निदान मराठी परिपत्रकांचा आणि शाळांचा प्रश्न तरी सुटायला हरकत नव्हती. दगड मात्र खरे होते. ते ज्या ड्रायव्हर-क्लीनरच्या काचांवर पडले, त्यांना या पिकात काही वाटा नव्हता.

जुना हिशेबही विसरता कामा नये. १९५६ च्या १७ जानेवारीला आपली माणसे गोळ्यांना बळी पडली; त्यानंतर प्रत्येक पिढीतल्या कोणत्या ना कोणत्या पुढाऱ्याने सीमेच्या नावाने शपथ घेतली. १९६६ साली सेनापती बापटांसारख्या वृद्ध देशभक्ताने उपोषण केले तेव्हा कुठे महाजन आयोग नेमला गेला. १९६७ चा अहवाल आपल्याला मान्य झाला नाही, आणि तो अमान्य करण्याला सबळ कारणे होती. परंतु १९६९ च्या फेब्रुवारीत मुंबईत याच प्रश्नावरून दंगल उसळली आणि पन्नासहून अधिक माणसे मेली, त्याने बेळगावची एक वीटही इकडची तिकडे झाली नाही. त्या दंगलीने मुंबईतल्या राजकारणाची मांडणी बदलली, आपली नाही. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्ध आपल्या नऊ जणांनी प्राण दिले. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर दर १ जूनला जे पुढारी फुले वाहायला येतात, त्यांतले किती जण २ जूनला काय करतात हे गावागावांत ठाऊक आहे.

आपली स्वतःची चूक सांगताना लेखणी जड होते, पण सांगायला हवी. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे राहिले. सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधावे हा त्यामागचा हेतू होता. लक्ष वेधले गेले, वर्तमानपत्रांत चार दिवस चमत्कार म्हणून छापून आले. दिल्लीने त्यातून कोणता धडा घेतला? सीमाप्रश्न सोडवावा हा नव्हे. त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेच्या उमेदवाराची अनामत रक्कम पाचशेवरून दहा हजारांवर नेली. अनामत वाढली, सीमा होती तिथेच राहिली. ज्या तरुणांनी पदरचे पैसे भरून अर्ज केले त्यांच्या निष्ठेबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नाही. पण निष्ठा दाखवणे आणि काम करून घेणे या दोन गोष्टी आहेत, हे तेव्हा आम्हीही ठणकावून लिहिले पाहिजे होते.

पुढे काय झाले तेही उघड आहे. २०१३ साली विधानसभेत समितीचे दोन आमदार होते. २०१८ ला एकही नाही, २०२३ लाही एकही नाही. या दोन तारखांच्या मध्ये, २०२१ च्या एप्रिलमध्ये, बेळगाव लोकसभेच्या पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराला एक लाखाहून अधिक मते पडली आणि विजयी उमेदवाराचे मताधिक्य अवघे पाच हजारांच्या घरात आले. म्हणजे मराठी मत आहे, ते एकवटते आणि मोठमोठ्यांना घाम फोडते. पण त्याच वर्षी सप्टेंबरात महापालिकेच्या निवडणुकीत ५८ पैकी ३५ जागा भारतीय जनता पक्षाने जिंकल्या. पाच महिन्यांत माणसे बदलली नाहीत. त्यांच्या मनातल्या कोणत्या तारेवर बोट ठेवायचे, ते बदलले. एका वेळी ‘मराठी’ म्हणून साद घातली, दुसऱ्या वेळी ‘हिंदू’ म्हणून, तिसऱ्या वेळी ‘मराठा’ म्हणून. आपण तिन्ही आहोत, म्हणून तिन्ही हाकांना ओ देतो. हाक मारणारा मात्र प्रत्येक वेळी एकाच कामासाठी आलेला असतो.

कोणी म्हणेल, मग भाषेचे नावच काढू नये काय? हा प्रश्न सीमाभागात हमखास येतो आणि तो रास्त आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १२३ वे कलम धर्म, जात आणि भाषेच्या नावावर मते मागणे भ्रष्ट आचार ठरवते, भाषेवरून वैर पसरवणेही. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने ठरवले, की उमेदवाराचीच नव्हे तर मतदाराचीही भाषा पुढे करून मते मागता येणार नाहीत. हा खटला मुंबईतल्या १९९० च्या एका निवडणुकीवरून निघाला होता. परंतु याच न्यायालयाने १९६४ साली हरियाणा भागातल्या झज्जरच्या निवडणुकीबद्दल निकाल देताना असेही म्हटले होते, की आपली भाषा जपण्याचा हक्क घटनेने दिला आहे आणि त्या हक्कासाठी चळवळ करणे, तसे आश्वासन देणे म्हणजे भ्रष्ट आचार नव्हे. पुढाऱ्यांना ही रेघ चांगली कळते. आपल्याला कळली पाहिजे ती अशी: जो ‘मराठीत उतारा मिळवून देईन’ म्हणतो तो हक्काचे बोलतो; जो ‘त्यांना धडा शिकवीन’ म्हणतो त्याने आपल्या पदरात काहीही टाकण्याचे कबूल केलेले नाही.

पुतळ्यांच्या बाबतीत तर ही गफलत रोज होते. २०२१ च्या डिसेंबरात बेंगळुरात महाराजांच्या पुतळ्यावर शाई टाकली गेली आणि त्यापाठोपाठ बेळगावच्या अनगोळात संगोळ्ळी रायण्णाच्या पुतळ्याची नासधूस झाली. दोन्ही कृत्ये हलकट होती. पण त्यानंतर जणू शिवाजी महाराज आणि रायण्णा हेच एकमेकांचे वैरी असल्यासारखी भाषणे झाली. रायण्णा लढला तो इंग्रजांशी, कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या बाजूने, आणि १८३१ साली त्याला फाशी दिले ते आपल्या खानापूर तालुक्यातल्या नंदगडला. नंदगडचा मराठी माणूस त्याच्या समाधीला पिढ्यान्‌पिढ्या हात जोडत आला, तेव्हा त्याला कोणी त्याची भाषा विचारली नव्हती.

२०२५ च्या फेब्रुवारीत तर बेळगावजवळ एका बसमध्ये तिकिटावरून झालेली बाचाबाची भाषेवर गेली. कंडक्टरला मारहाण झाली, कंडक्टरवरही गुन्हा दाखल झाला, दोन राज्यांच्या एसटी गाड्या काही दिवस हद्दीवर थांबल्या आणि २२ मार्चला कर्नाटक बंद पुकारला गेला. मारहाणीचे समर्थन होऊ शकत नाही. तिकीट देणारा माणूस पोटासाठी नोकरी करतो. मात्र गाड्या थांबल्या तेव्हा निपाणीहून कोल्हापूरच्या दवाखान्यात जाणाऱ्या मराठी आजीचेच हाल झाले, हे कोणाच्याही भाषणात आले नाही.

या सगळ्याकडे थोडे लांबून पाहावे म्हणून वाचकांना भोपाळला नेतो. भोपाळच का, तर तारीख तीच आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. आपण तो दिवस काळा दिन म्हणून पाळतो आणि शेजारी राज्योत्सव करतात. त्याच दिवशी नागपूर मध्य प्रदेशची राजधानी राहिली नाही आणि भोपाळ झाली. सचिवालयाचे दप्तर गेले, त्याबरोबर मराठी कारकून, अधिकारी आणि त्यांची बिऱ्हाडेही गेली. तिथे १ नोव्हेंबर हा राज्याचा स्थापना दिवस. भोपाळमध्ये दोन नंबर स्टॉप, पाच नंबर स्टॉप अशा थांब्यांच्या आकड्यांवरून पत्ते सांगतात. त्याच भागात तुलसी नगर ही सरकारी क्वार्टर्सची जुनी वसाहत आहे. मोठमोठी झाडे, मधे बैठी घरे, आणि शेजारीपाजारी हिंदी, मराठी, उर्दू, जो तो आपल्या घरात आपली भाषा बोलणारा.

या वसाहतीवर सरकारची नजर दोनदा पडली. २०१६ साली स्मार्ट सिटी शिवाजी नगर आणि तुलसी नगरच्या जागेवर करायचे ठरले. झाडे जातील म्हणून रहिवाशांनी विरोध केला आणि प्रकल्प टी. टी. नगरकडे हलवावा लागला. २०२४ च्या जूनमध्ये पुन्हा प्रस्ताव आला, या वेळी मंत्री आणि आमदारांच्या नव्या निवासस्थानांचा. सुमारे २९ हजार झाडे तोडावी लागतील असा आकडा बाहेर आला. बायका-मुलांनी झाडांना मिठ्या मारल्या, राखीचे धागे बांधले. काही दिवसांतच नगरविकास मंत्री श्री. कैलाश विजयवर्गीय यांनी प्रस्ताव रद्द केल्याचे जाहीर केले. लक्षात घ्या, विधानसभेची निवडणूक होऊन सात महिने झाले होते, लोकसभेचा निकाल नुकताच लागला होता. मतांची निकड कोणालाच नव्हती, तरी माघार घ्यावी लागली.

का घ्यावी लागली? मागणी एवढीच होती, की अमुक झाडे तोडू नयेत. हो किंवा नाही, एवढेच उत्तर त्याला देता येत होते. त्यात कोणाच्या अस्मितेला हात घालायला जागा नव्हती. झाडाला मिठी मारणाऱ्या बाईची भाषा कोणती, हे विचारून तिला शेजारणीपासून तोडता आले नसते, कारण पारंब्यांची सावली दोघींच्या अंगणात पडत होती. अर्थात ही तुलना आम्ही ताणणार नाही. तुलसी नगरची माणसे राजधानीत राहतात, मंत्रालय हाकेच्या अंतरावर, पत्रकार दारात. कणकुंबीच्या नाहीतर जांबोटीच्या माणसाला तालुक्याच्या कचेरीत जायचे तर दिवस मोडतो. शिवाय झाडे वाचवणे आणि सत्तर वर्षांचा अन्याय दूर करणे यांचे वजन एक नव्हे. तरीही मागणी अशी असावी की पुढाऱ्याला फेटा बांधून तिच्यातून निसटता येऊ नये, एवढे तिथून घेण्यासारखे आहे.

आणि इतके लांब तरी कशाला जावे? जतच्या शेतकऱ्यांनी तेच केले, तेही हद्दीच्या पलीकडच्या बाजूने. पाणी येत नाही म्हणून २०१२ साली गावांनी कर्नाटकात जाण्याचा ठराव केला होता. दहा वर्षांनी बेंगळूरने त्याचे भांडवल केले, तेव्हा मुंबईला तो ठराव आठवला आणि विस्तारित म्हैसाळ योजनेसाठी निधीची घोषणा झाली. जतकरांना ना बेंगळूर प्यारे होते ना मुंबई. त्यांना पाणी हवे होते. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांचा अहंकार त्यांनी पाण्यासाठी वापरून घेतला. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटा व्यवहार होतो.

आम्हा वर्तमानपत्रवाल्यांचाही यात हात आहे, हे कबूल करतो. दगडफेकीला पहिल्या पानावर आठ कॉलम मिळतात. मराठी शाळेत गुरुजी नाहीत, ही बातमी आतल्या पानावर पाहुण्यासारखी कोपऱ्यात बसते. तीच गोष्ट वारंवार कानावर पडली की खरी वाटू लागते, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी १९७७ साली प्रयोग करून दाखवले. पुढाऱ्यांना त्यासाठी प्रयोगशाळा लागली नाही, आमची छपाईयंत्रे पुरली.

महाराष्ट्र सरकारने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा दोन दशकांत निकाली निघाला नाही. तो निघेल तेव्हा निघेल, आणि तो आपल्या बाजूने लागावा ही आमची इच्छा लपलेली नाही. पण तोवर मुले शाळेत जायची आहेत आणि जमिनीचे व्यवहार व्हायचे आहेत. जिथे पंधरा टक्क्यांहून अधिक लोक एखादी अल्पसंख्य भाषा बोलतात, तिथे सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी ठरलेले धोरण आहे. घटनेच्या ३५० अ कलमात प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करण्यास राज्यांना सांगितले आहे. २०२३ साली महाराष्ट्राने ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केल्याचे जाहीर केले, कर्नाटकाने आक्षेप घेतला. त्या योजनेखाली आपल्या गावातल्या किती जणांवर उपचार झाले, ही यादी मागितली तर मिळायला हवी.

पुढच्या वेळी उमेदवार गावात येईल तेव्हा ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर त्याला चहा जरूर द्यावा, आपली रीत सोडू नये. घोषणा देऊन झाल्या की त्याच्या हातात तीन कागद ठेवावेत: गावच्या मराठी शाळेतल्या रिकाम्या जागांचा, मराठीत मागितलेल्या उताऱ्याच्या अर्जाचा आणि आरोग्य योजनेच्या लाभार्थ्यांचा. तो कोणत्याही पक्षाचा असो, समितीच्या कोणत्याही गटाचा असो, त्याची सही आणि तारीख घ्यावी. त्या कागदांची एक प्रत आमच्या कचेरीत पाठवावी. निवडणुकीनंतर सहा महिन्यांनी ती आम्ही नावानिशी छापू.